समाजाची भांडी आणि कॉम्प्युटरची कल्हई

आमच्या दोंडाईच्याकडे लग्नाची पंगत म्हटली की वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी ठरलेली. आता पाचशे माणसांचं वरण शिजवायचं, तर पातेलं केवढं हवं? एवढं पातेलं कुणाच्या घरात असतं? कुणाच्याच नाही! म्हणून पूर्वी गावोगाव समाजाची भांडी असत. वर्गणी काढून घेतलेले मोठाले गंज, पराती, कढया, झारे. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं वहीत सही करून ती न्यायची आणि घासूनपुसून परत आणून ठेवायची. आता बऱ्याच ठिकाणी भांडी भाड्यानं मिळतात, पण आजी-आजोबांना विचारून पाहा, ते सांगतील.

पितळी गंजाला आतून कल्हई लागते. घरातल्या पातेल्याची कल्हई उडाली, तर एका घरची आमटी कळकते. समाजाच्या गंजाची उडाली, तर त्या मोसमातल्या प्रत्येक लग्नातलं जेवण बिघडणार! समाईक वस्तूचं असंच असतं. सोय सगळ्यांची आणि बिघाडही सगळ्यांचा.

कॉम्प्युटरच्या पोटातही अशी समाजाची भांडी असतात. त्यांना म्हणतात लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, बरं का! ही लायब्ररी म्हणजे तयार कामांचा संच. फाइल उघडायची, पडद्यावर अक्षरं पाठवायची, आज तारीख काय ते सांगायचं, वर्गमूळ काढायचं, नावं क्रमानं लावायची, अशी शेकडो बारीक कामं प्रत्येक प्रोग्रॅमला लागतात. ती प्रत्येकानं नव्यानं लिहीत बसायचं म्हणजे प्रत्येक लग्नघरानं स्वतःचा गंज घडवून घेण्यासारखं! त्यापेक्षा एकदाच नीट लिहून एका जागी ठेवली, की कुठलाही प्रोग्रॅम येतो, हाक मारतो आणि काम करून घेतो.

१९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्स या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची व्यवस्था लिहायला घेतली. कॉम्प्युटरचा सगळा कारभार चालवणारा मुख्य प्रोग्रॅम म्हणा ना. तिच्या धर्तीवर पुढे अनेक व्यवस्था निघाल्या. त्यांतली सगळ्यांत पसरलेली म्हणजे लिनक्स. ती १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं सुरू केली. लिनक्सच्या बहुतेक कॉम्प्युटरांत जी समाईक लायब्ररी असते, तिचं नाव 'ग्नू सी लायब्ररी', लाडाचं नाव 'जीलिबसी'. ती लिहायला सुरुवात केली रोलंड मॅकग्राथ यांनी, १९८० च्या दशकात. तेव्हा ते विशीच्याही आत होते! तुमच्या घरातल्या एखाद्या दादाच्या किंवा ताईच्या वयाचे.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे लिनक्स आहे? बाबांच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्सच आहे, फक्त त्याची लायब्ररी वेगळी, तिचं नाव बायोनिक. शिवाय इंटरनेटवर आपण जे जे पाहतो, ते पाठवणारे मोठे कॉम्प्युटर बहुतेक लिनक्सवरच चालतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक तर सगळेच्या सगळे लिनक्सवर चालत आले आहेत. तेव्हा हा गंज केवढा मोठा आणि त्यातून किती पंगती उठतात, याचा अंदाज करा.

मग याला कल्हई कोण करतं?

जगभर पसरलेली थोडी माणसं. काही जण कंपन्यांच्या पगारावर, तर काही नुसत्या हौसेनं. लायब्ररीतली प्रत्येक ओळ उघडी असते, कुणीही वाचावी. दुरुस्ती सुचवली की ती सगळ्यांसमोर ठेवली जाते, बाकीचे तिच्यात खोट काढतात, आणि ती टिकली तरच आत जाते. यातले एक कल्हईवाले आपल्या पुण्यात होते. सिद्धेश पोयरेकर. रेड हॅट या कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत असताना त्यांनी केलेलं एक काम मी तुम्हांला जरा सावकाश सांगणार आहे. कारण ते समजायला कॉम्प्युटर येण्याची गरज नाही, पाचवी-सहावीचा गुणाकार आला की पुरे.

जीलिबसीत 'पॉव' नावाचं एक काम आहे. (वडापावातला पाव नव्हे!) त्याला दोन संख्या द्यायच्या, ते पहिलीचा तितकावा घात काढून देतं. २ चा १० वा घात १०२४. १.०७ चा ५ वा घात काढला, की ७ टक्के दरानं ५ वर्षांचं चक्रवाढ व्याज निघतं. बँकेपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत सगळ्यांना हे लागतं.

आता अडचण पाहा. बाईंनी सांगितलं, उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा. उत्तर ७.२३४१ आलं तर आपण ७.२३ लिहितो. ७.२३८२ आलं तर ७.२४. सोपं आहे. पण तुमचा हिशेब सांगतोय की उत्तर ७.२३५ च्या अगदी अगदी जवळ आहे, आणि ते अलीकडे आहे की पलीकडे हे मात्र कळत नाही. मग? मग आणखी आकडे काढावे लागतात. तरी कळलं नाही, तर आणखी. किती काढावे लागतील, हे आधी सांगता येत नाही! पालकांना आठवत असेल, अकरावी-बारावीला लॉग टेबलचं पुस्तक असायचं. ती कोष्टकं करणाऱ्यांना हीच पंचाईत पडायची. म्हणून गणितज्ञांनी या कोड्याला नावच दिलंय, कोष्टककाराची पंचाईत.

कॉम्प्युटर साधारणपणे १६ अर्थपूर्ण अंक सांभाळतो. 'पॉव' आधी भरभर हिशेब करायचं आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं. पण एखादा आकडा असा कुंपणावर बसलेला निघाला, की ते लांबचा रस्ता धरायचं. शेवटी तर जवळपास २३० अंकांपर्यंत हिशेब करायचं! उत्तर अचूक यायचं, यात शंका नाही. पण एरवी पापणी लवायच्या आत होणारं काम अशा आकड्याशी आलं की रेंगाळायचं. आणि ज्याच्या प्रोग्रॅममध्ये असे हिशेब लाखांनी असतील, त्याला कळायचंही नाही की आपली गाडी कुठे अडली.

२०१३ च्या सुमारास पोयरेकरांनी हा लांबचा रस्ता उघडून पाहिला. त्यात होता मोठ्या संख्यांचा गुणाकार, तुमच्या वहीतल्यासारखाच, एकेक अंक घेऊन. फरक एवढाच, की आपला अंक ० ते ९ मधला आणि तिथला 'अंक' थेट १,६७,७७,२१५ पर्यंतचा. असे ३२ अंक एका संख्येत.

पहिली युक्ती अगदी घरगुती. ४०,००० गुणिले ३०० करताना तुम्ही शून्यांनी गुणत बसता का? नाही. ४ त्रिक १२ म्हणता आणि शून्यं मागून जोडता. लायब्ररी मात्र शेवटच्या सगळ्या शून्यांशी इमानदारीनं गुणाकार करत बसायची! आता ती आधी बघते की शेवटचा शून्य नसलेला अंक कुठे आहे, आणि त्यापलीकडचं सोडून देते.

दुसरी युक्ती वर्गाची. ४७ चा वर्ग काढा पाहू. ४ × ४, ४ × ७, ७ × ४ आणि ७ × ७. चार गुणाकार झाले. पण ४ × ७ आणि ७ × ४ एकच नाहीत का? मग एकदाच करा आणि दुप्पट करा. तीनच गुणाकार! तीन अंकी संख्येचा वर्ग काढताना ९ च्या जागी ६. आणि ३२ अंकांच्या संख्येला? १०२४ च्या जागी ५२८. वहीत करून बघा, जमेल. म्हणून वर्गासाठी एक वेगळंच काम लिहिलं गेलं. त्याआधी वर्ग काढायलाही साधा गुणाकारच वापरला जात होता.

तिसरी युक्ती मला सगळ्यांत आवडते. ४७ × ३६ घ्या. ४ × ३ = १२. ७ × ६ = ४२. आता मधल्या जागेसाठी ४ × ६ आणि ७ × ३ हे दोन गुणाकार करून बेरीज करायची असते. ते नका करू. त्याऐवजी (४ + ७) × (३ + ६) करा, ९९ आले. त्यातून १२ आणि ४२ वजा करा, उरले ४५. झाली मधली बेरीज! १२०० + ४५० + ४२ = १६९२. पडताळून पाहा. चार गुणाकारांचं काम तिनात झालं. दोन-तीन बेरजा-वजाबाक्या वाढल्या, पण त्या स्वस्त असतात.

ही युक्ती शोधली अनातोली करात्सुबा या रशियन तरुणानं, १९६० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. कोल्मोगोरोव हे त्या वेळचे फार मोठे गणितज्ञ. मोठ्या संख्यांचा गुणाकार वहीतल्या पद्धतीहून झटपट करता येणारच नाही, असा त्यांचा अंदाज होता. त्यांच्या चर्चासत्रात बसलेल्या करात्सुबानं आठवड्याभरात तो अंदाज चुकीचा ठरवला! जीलिबसीच्या त्या गुणाकारातही याच जातीची युक्ती घातली गेली.

ऑगस्ट २०१३ मध्ये जीलिबसीची २.१८ ही आवृत्ती निघाली. तिच्यासोबतच्या माहितीत या सगळ्याबद्दल एक ओळ आहे, की गणिती कामांचा सर्वांत वाईट वेळचा वेग सुधारला. एकच ओळ! आणि पुढे ऑगस्ट २०१८ च्या २.२८ आवृत्तीत घातांकांची आणि लॉगची कामं वेगळ्याच पद्धतीनं नव्यानं लिहिली गेली, तेव्हा 'पॉव'चा तो लांबचा रस्ताच काढून टाकला. शेवटच्या अंकात अगदी किंचित फरक पडला तर चालेल, पण रेंगाळणं नको, असं ठरलं. म्हणजे पोयरेकरांचे ते कष्ट तिथे पाच वर्षं टिकले. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. त्या पाच वर्षांत ज्यांनी ज्यांनी 'पॉव'ला हाक मारली, त्यांचं काम झालं. कल्हई कुणी जन्मभरासाठी करत नाही. २०१७ साली तर फेब्रुवारी आणि ऑगस्ट या दोन्ही वेळच्या आवृत्त्या बाहेर काढायची जबाबदारी पोयरेकरांकडे होती. आपल्या साप्ताहिकाचा अंक छापायला जाण्याआधी संपादक 'आता नवीन काही घ्यायचं नाही, फक्त चुका दुरुस्त' असं बजावतात ना, तसंच ते काम.

दुरुस्ती म्हटली की ती चांगलीच, असं मात्र समजू नका. समाजाचा गंज दुरुस्त करताना त्याचे कान दुसरीकडे लावले, तर नेहमीच्या सवयीनं उचलणाऱ्याचा हात भाजेल! अगदी तसंच २०१० साली घडलं.

लायब्ररीत मजकुराची नक्कल करणारं 'मेमकॉपी' नावाचं काम आहे. ते काही नव्या प्रोसेसरांवर आणखी वेगानं चालावं म्हणून बदललं गेलं. बदल असा, की काही वेळा ते पुढून मागे जाण्याऐवजी मागून पुढे नक्कल करू लागलं. यात काय बिघडलं? बाकावर पाच जण बसलेत आणि डावीकडची एक जागा रिकामी आहे. सगळ्यांना एकेक जागा डावीकडे सरकायचंय. डावीकडचा आधी उठला, मग त्याच्या शेजारचा, तर सगळं सुरळीत होतं. पण उजवीकडच्यानं आधी सुरुवात केली तर? तो थेट शेजाऱ्याच्या मांडीवर! कॉम्प्युटरात मांडीवर बसता येत नाही, तिथे आधीचं पुसलंच जातं.

मेमकॉपीचा नियम स्पष्ट होता. उचलण्याची जागा आणि ठेवण्याची जागा एकमेकींवर येता कामा नयेत. येत असतील तर 'मेममूव्ह' वापरा. पण फ्लॅश प्लेअर नावाचा तेव्हा घरोघर असलेला प्रोग्रॅम हा नियम पाळत नव्हता. इतकी वर्षं काही बिघडलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. नवी लायब्ररी आली आणि फेडोरा १४ या लिनक्समध्ये इंटरनेटवरची गाणी खरखरायला लागली.

चूक कुणाची? नियमानं पाहिलं तर फ्लॅशची. लायब्ररीवाले तेच म्हणाले. पण खुद्द लिनस टॉरवाल्ड्स त्या वादात उतरले. गाणं ऐकणाऱ्या माणसाला नियमाशी काय देणंघेणं, त्याचं चालू काम तुम्ही बंद पाडलंत, असा त्यांचा मुद्दा होता. शेवटी २.१४ आवृत्तीत तोडगा निघाला. जुन्या प्रोग्रॅमांनी हाक मारली तर त्यांना सुरक्षित, जुन्या वळणाचं काम मिळेल. नव्यानं तयार होणाऱ्या प्रोग्रॅमांना नवं. एकाच नावाच्या दोन वस्तू आणि कुणाला कुठली द्यायची, याची नोंद! मला विचाराल तर टॉरवाल्ड्स यांचं बरोबर होतं. पण लायब्ररीवाल्यांचीही बाजू घरी एकदा मांडून बघा, वाद छान रंगेल.

आता एक भुताची गोष्ट. या चुकीला नावच 'घोस्ट' पडलं. जीलिबसीत 'गेटहोस्टबायनेम' असं एक काम आहे. त्याला इंटरनेटवरच्या ठिकाणाचं नाव सांगायचं, ते त्याचा आकडी पत्ता देतं. उत्तर ठेवायला आधी जागा मोजून घ्यावी लागते. ठेवायच्या होत्या चार गोष्टी आणि जागा मोजली तिघींचीच! चौथी राहून गेली. तूट किती? कॉम्प्युटरच्या जातीप्रमाणे ४ किंवा ८ बाइट, म्हणजे इंग्रजी चार किंवा आठ अक्षरांएवढी. पण ओतू गेलेलं वरण शेजारच्या पातेल्यात पडतं ना? मुद्दाम तशा बेतानं घडवलेलं नाव पाठवलं, तर शेजारच्या जागेत आपल्याला हवं ते घुसवून कॉम्प्युटरचा ताबा घेता येत होता. क्वालिस या कंपनीच्या शोधकांनी तर नुसती एक ई-मेल पाठवून ते करता येतं, हे सिद्ध केलं.

ही चूक नोव्हेंबर २००० मधल्या २.२ आवृत्तीपासून तिथे बसून होती. खरी चुटपुट पुढेच आहे. २१ मे २०१३ रोजी ती दुरुस्त झालेली होती! पण करणाऱ्यांना वाटलं, साधी किरकोळ चूक आहे. मोठ्या कचेऱ्या आणि कंपन्या नवी आवृत्ती लगेच घेत नाहीत. वर्षानुवर्षं जुनीच वापरतात आणि तिला फक्त सुरक्षेची ठिगळं लावत जातात. या दुरुस्तीवर 'सुरक्षा' अशी चिठ्ठीच नव्हती, म्हणून तिचं ठिगळ त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. २७ जानेवारी २०१५ रोजी क्वालिसनं जाहीर केलं तेव्हा धावपळ उडाली. मधले वीस महिने औषध कपाटात आणि रोगी अंथरुणात! (पालकहो, फोनवर अपडेटची सूचना आली की 'नंतर' हे बटण आपण किती वेळा दाबतो?)

दुसरी एक लायब्ररी आहे, फाइली दाबून लहान करणारी. तिचं नाव 'एक्सझेड'. ती फिनलंडमधले लासे कोलिन फावल्या वेळात, बिनपैशानं, जवळजवळ एकटे सांभाळत होते. थकले होते. जिया टॅन असं नाव सांगणारा कुणी तरी २०२१ पासून मदतीला येऊ लागला. दुरुस्त्या चांगल्या असायच्या. विश्वास बसला आणि हळूहळू त्याच्या हाती किल्ल्या आल्या. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यानं लायब्ररीत एक चोरदरवाजा बसवला! तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरताना अर्धा सेकंद उशीर होतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. त्यांनी खणत जाऊन मूळ शोधलं आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सांगितलं. बहुतेक कॉम्प्युटरांपर्यंत ती आवृत्ती पोचायच्या आत दार बंद झालं. हा जिया टॅन खरा कोण, ते काही उघड झालं नाही.

आता आपल्या घरचं. लायब्ररीला भाषा सांभाळाव्या लागतात, हे तुम्हांला माहीत आहे का?

आमच्या हजेरीपटात मालपुरे, मावची, मासुळे, माळी असा क्रम लागतो. का? कारण आपल्या मुळाक्षरांत ळ हा ह च्या नंतर येतो. मग क्ष, मग ज्ञ. पण कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, क्रमांक कळतात. युनिकोड या जागतिक यादीत ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१. नुसत्या क्रमांकानं लावलं, तर माळी उडी मारून मालपुरेच्या मागोमाग येऊन बसतो! क्षितिजाची तऱ्हा आणखी वेगळी. क्ष ला स्वतंत्र क्रमांकच नाही. तो क, पाय मोडायची खूण आणि ष असा तीन तुकड्यांचा. म्हणून क्षितिजा हजेरीच्या शेवटी यायची, ती क च्या मुलींत घुसते. हे टाळायला कुणाला तरी लिहून ठेवावं लागतं, की मराठीसाठी ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. युनिकोडच्या भाषा-नियमांत मराठीखाली हे लिहिलेलं आहे आणि आयसीयू नावाची लायब्ररी ते वाचते.

जीलिबसीतही मराठीची स्वतंत्र फाइल आहे. महिन्यांची नावं, वारांची नावं, आणि पैशांच्या आकड्यात स्वल्पविराम कुठे द्यायचा, हे तिच्यात आहे. इंग्रजी वळणानं 'एक लाख' १००,००० असे तिनातिनानं तुटतात. आपण १,००,००० लिहितो. म्हणजे उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन. ते त्या फाइलमध्ये 'तीन, दोन' एवढ्या दोन आकड्यांत सांगितलंय. १५ जुलै २०१० रोजी सरकारनं रुपयाचं ₹ हे चिन्ह स्वीकारलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याला युनिकोडमध्ये जागा मिळाली. मग फॉन्टमध्ये ते काढा, कीबोर्डवर बसवा, आणि या फाइलींत जुन्या 'रु'च्या जागी ते घाला. हे आपोआप झालं नाही. एकेका भाषेच्या फाइलीत कुणी तरी बसून केलं.

आपल्या धुळे-नंदुरबारकडचे जे वाचक घरी भिली बोलतात, त्यांच्यासाठी एक बातमी. जीलिबसीत भिलीची फाइल आहे! कोकणीचीही आहे. अहिराणीची मात्र नाही. नाव नोंदायची अडचण नाही; जगातल्या भाषांच्या यादीत अहिराणीला 'एएचआर' अशी तीन अक्षरांची खूण केव्हाच मिळालेली आहे. फाइल लिहायला प्रोग्रॅमिंगसुद्धा फारसं लागत नाही. लागतात ती बारा महिन्यांची नावं, सात वारांची नावं, 'हो' आणि 'नाही'चे शब्द, तारीख लिहायची रीत. आणि ही आमच्याकडे अशी म्हणतात, हे खात्रीनं सांगणारी माणसं. कारण एकदा आत गेलेलं चुकीचं नाव मग सगळीकडे दिसतं.

तेव्हा या सुट्टीत एक करा. वहीचं एक पान घ्या, सात वार लिहा आणि समोर तुमच्या घरी आजी त्यांना काय म्हणते ते लिहा. शेजारच्या गावच्या मावशीलाही विचारा. रविवारला दोघी एकच म्हणतात का? आणि वेगवेगळं म्हणत असतील, तर फाइलीत कुठलं घालायचं?